झोपाळ्यावरचा कॉम्प्युटर

मी आजवर पुष्कळ कॉम्प्युटर दुरुस्त केले. धूळ खाल्लेले, आत पाल शिरलेले, हौसेने आणून खोक्यातून कधी बाहेरच न काढलेले. पण झोपाळ्यावर बसून झोके घेणारा कॉम्प्युटर मी जन्मात एकच पाहिला. तो तिथे चढवण्यात माझाही हात होता, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. तो चढवायला लावणारे गृहस्थ म्हणजे डहाणूचे माझे घरमालक. अख्खी आळी त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही काका म्हणायचे.

दोन हजार सतरा-अठराच्या सुमाराची गोष्ट. डहाणू रोड स्टेशनजवळ एका क्लासमध्ये मी कॉम्प्युटर शिकवायला लागले होते. माझं गाव घाटावर, इथे ओळखीचं काळं कुत्रं नाही. खोली बघायला जाईन तिथे चौकशा सुरू. लग्न झालं का, नाही तर का नाही, मासे खाता का, नाही तर का नाही. काकांनी मात्र दारात उभं राहून एकच विचारलं.

"कान नीट आहेत ना गो बाय?"

मी म्हटलं, आहेत.

"मग ये."

मला वाटलं, माणसाचं डोकं जरा हललेलं दिसतंय. आठवड्याभरात कळलं की नुसतं डोकं नव्हे, हा माणूस अख्खाच हलत असतो. त्यांच्या ओटीवर सागवानी फळीचा लांबरुंद झोपाळा होता. त्यावर बसले की काका बोलायचे, उतरले की गप्प. मी तिखटमीठ लावून सांगत नाहीये. जमिनीवर पाय असले की त्यांच्या तोंडून हो, नाही, बघू यापलीकडे फार काही निघायचंच नाही. आणि एकदा पायाने रेटा देऊन झोपाळा हलवला, की वाडीतले चिकू, चिकूवर येणारी वटवाघळं, शेजाऱ्याचा जावई, जावयाची नवी गाडी, त्या गाडीने चारोटी नाक्यावर खाल्लेला मार, सगळं एका दमात बाहेर पडायचं. वाक्य संपायचं नाही, त्यातून दुसरं फुटायचं. मध्ये मध्ये "मुद्दा काय, तर" असं म्हणायचे. तेवढ्यात गोष्टीत तिसराच माणूस शिरायचा आणि मुद्दा बिचारा फाटकाबाहेर उभा राहायचा.

काकांच्या या खोडीचे किस्से आळीत सगळ्यांना पाठ होते. बोर्डीला कुठल्याशा लग्नात त्यांना दोन शब्द बोलायला स्टेजवर चढवलं. काका माइकसमोर उभे. "नमस्कार" म्हणाले आणि पुढे काहीच नाही. वरपक्ष घड्याळ बघतोय, भटजी खाकरतायत. मग काकांनी माइकचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि टाचांवरून चवड्यांवर, चवड्यांवरून टाचांवर असे डुलायला लागले. झालं. जेवणं थंड झाली तरी काका थांबेनात. आवाज मात्र एकदा मोठा, एकदा बारीक, एकदा मोठा, एकदा बारीक. लोकांना वाटलं, स्पीकर बिघडलाय.

एकदा कसल्याशा कामाला एका कचेरीत गेले होते. तिथे झोपाळा कुठला असणार? मग खुर्ची मागच्या दोन पायांवर तोलून हलत हलत बोलायला लागले. खुर्चीचा पाय मोडला. दुसरी दिली, तीही गेली. शेवटी साहेबांनी कावून स्वतःची चाकांची खुर्ची दिली, आणि काकांनी तिच्यात बसून गोल गोल फिरत आपलं म्हणणं मांडलं. साहेबांनाच गरगरायला लागलं म्हणे. काम मात्र लगेच झालं.

आता त्या कानांबद्दल सांगते. काकांचे कान खणखणीत होते. गेले होते ते काकींचे.

काकी म्हणजे लहानखुऱ्या, चष्म्याआडून बारीक हसणाऱ्या, स्वतः चार शब्दच बोलणाऱ्या. लग्न झाल्यापासून दिवेलागणीच्या आधी झोपाळ्यावर दोघांनी शेजारी बसायचं, काकांनी बोलायचं आणि काकींनी ऐकायचं, असा त्या घराचा नेम. मी राहायला गेले त्याच्या दोनेक वर्षं आधी एका तापानंतर काकींचं ऐकणं कमी कमी होत जवळजवळ गेलंच. वापीच्या डॉक्टरांना दाखवून झालं. कानातलं मशीन आणलं तर ते नुसतं शिट्ट्या मारायचं. ओठांकडे बघून कळेल म्हणावं, तर काकांच्या मिशा अशा की त्यांचे ओठ खुद्द काकींनीही लग्नानंतर पाहिले नसावेत. शिवाय झोपाळ्यावर माणसं शेजारी शेजारी बसतात, समोरासमोर नाही. आणि समोर खुर्ची टाकून बोला म्हटलं तर काकांची वाचा बंद.

घरात एक पाटी आणून ठेवली होती. काका त्यावर लिहायचे, "जेव." "पाहुणे येणार." "गॅस बंद कर."

"या पाटीने माणसाची पोस्टातली तार करून टाकली," काकी एकदा मला म्हणाल्या. आम्ही मागच्या दारी वाल सोलत बसलो होतो. "मोठ्या गोष्टी सगळे येऊन कानात ओरडून जातात गो. कोण वारलं, कोणाचं ठरलं. बारीकसारीक कोण ओरडून सांगणार? आणि मला तेच हवं. मला यांची बडबड हवी."

मी मान डोलावली. ज्या बडबडीने मी संध्याकाळी डोकं धरून बसायचे, ती या बाईला हवी होती आणि मिळत नव्हती. काका तर रोज तिच्या शेजारी बसून तीच बडबड करत होते. बोलल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही, आणि ऐकायला तिसरं कोणी असावं म्हणून माझे कान तपासून मला खोली दिलेली.

मग एका दुपारी काका माझ्या खोलीच्या दारात आले. जमिनीवर उभे, त्यामुळे शब्दांचा दुष्काळ.

"बाय. तो. बोललेलं लिहितो म्हणे."

तो म्हणजे बोईसरला कारखान्यात असलेल्या भाच्याने दिलेला कॉम्प्युटर. मोठा पडदा, खाली डबा, सगळं जुन्या साडीखाली झाकून ठेवलेलं. मी म्हटलं, हो काका, आता मराठीतसुद्धा लिहितो. आत्ताच आलीय ती सोय.

"अक्षर मोठं?"

"पाहिजे तेवढं मोठं."

"हिला वाचता येईल?"

"येईल की."

"बघू," म्हणाले, आणि एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे भरून आले. मग मी काय करणार? क्लासमधला जुना माइक उचलून आणला.

पहिला दिवस नेट शोधण्यात गेला. त्या घरात माझ्या मोबाइलला रेंज यायची ती फक्त तुळशीच्या कट्ट्यावर. तिथे फोन ठेवून त्याचं नेट कॉम्प्युटरला जोडलं. दुसऱ्या दिवशी काकींनी तुळशीबरोबर माझ्या फोनलाही हळदकुंकू वाहिलं. मी ते पुसलं नाही, कारण त्यानंतर नेट खरंच बरं चालायला लागलं.

मग काकांना पडद्यासमोर खुर्चीवर बसवलं. भाषा मराठी केली, माइकचं चिन्ह लाल झालं.

"बोला काका."

काका पडद्याकडे बघतात, पडदा काकांकडे बघतो. अक्षर नाही. मी सेटिंग उघडलं. आवाज भलत्याच माइकमधून घेतोय का बघितलं. परवानगी दिली आहे की नाही बघितलं. माइक काढून परत खोचला, कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. घामाघूम झाले. शेवटी वैतागून मीच माइकमध्ये म्हटलं, "अरे देवा, काय झालंय याला?" तर पडद्यावर टपोऱ्या अक्षरांत उमटलं, अरे देवा काय झालंय याला. यंत्र ठणठणीत होतं. काका एक शब्दही बोललेच नव्हते.

"काका, बोला की काहीतरी."

"काय?"

तेवढं मात्र त्याने लिहिलं. काय. एवढंच.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. टेबल ओढून झोपाळ्यासमोर नेलं, पडदा काकींकडे वळवला, काका झोपाळ्यावर बसले, पाय रेटला आणि सुरू झाले. अक्षरं धडाधड उमटायला लागली. काकी पुढे वाकून मोठ्याने वाचायला लागल्या. "आज वाडीत शेळी म्हणाली काकींना सांगा झाडावर चढून बसली आणि मुद्दा."

काकींनी चष्मा वर केला. "शेळी काय म्हणाली?"

झोपाळा पुढे आला की आवाज माइकला मिळायचा, मागे गेला की हवेत. निम्मं बोलणं पडद्यावर, निम्मं भिंतीला. शेळी वेगळी होती, काकींना निरोप देणारी बाई वेगळी होती आणि झाडावर चढून बसलेलं तर मांजर होतं. पण काकींनी दुसऱ्या दिवशी भर उन्हात वाडीत जाऊन सगळी झाडं वर मान करून बघितली. चिकू काढायला तलासरीकडच्या पाड्यांवरून बायका यायच्या, त्यांनी हातवारे करून काय शोधता विचारलं तर म्हणाल्या, शेळी. त्या बायका अजून हसत असतील.

माइक कॉलरला लावायचा ठरला. वायर लांब घेतली. पण काका रंगात आले की झोपाळा किती उंच जाईल याचा नेम नाही. भावकीतल्या कुणाची तरी गोष्ट ऐन रंगात आली, काकांनी जोरात रेटा दिला आणि मागे जाताना टेबलावरचा डबा सोबत घेऊन निघाले. पडदा मी कसाबसा मिठी मारून धरला. कॉलर फाटली, गोष्ट मात्र थांबली नाही.

त्यानंतर वायर अजून लांब केली, तर कड्यांची कुरकुर आडवी आली. यंत्राला काकांपेक्षा झोपाळाच जास्त बोलका वाटायचा. काकींनी कड्यांना खोबरेल लावलं. कुरकुर थांबली आणि मुंग्या लागल्या. काका बोलता बोलता मध्येच उड्या मारायला लागले. मग शेजारच्या रिक्षावाल्याने गाडीचं ग्रीस आणून दिलं. तो रोज संध्याकाळी रिक्षा लावून आमची गंमत बघायला यायचा.

"तुम्ही लॅपटॉप का नाय घेत?" एक दिवस तो म्हणाला.

"भाच्याने प्रेमाने दिलाय," काका झोपाळ्यावरून म्हणाले, "आणि प्रेमाची वस्तू अशी बाजूला टाकायची नसते, यावरून आठवलं, तुझ्या बापाने मला एकदा छत्री दिली होती," आणि मग छत्रीची गोष्ट अंधार पडेपर्यंत चालली. काकी समोर कोऱ्या पडद्याकडे बघत बसून होत्या, कारण मध्ये चहा आला तेव्हा काका घोटभर गप्प झाले होते. तेवढ्या वेळात यंत्राला वाटलं माणूस उठून गेला, आणि ते बंद पडलं. कुणाच्या लक्षातच आलं नाही. आम्ही सगळे छत्रीला हसत होतो. काकींनी आमच्याकडे बघितलं, आम्हाला हसताना बघून स्वतःही थोडं हसल्या, आणि उठून आत गेल्या.

काकांनी ते बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना झोपाळ्यावर गप्प बसलेलं बघितलं. झोपाळा हलत होता आणि तोंड बंद.

मग म्हणाले, "बाय, तो तिकडे बसलाय म्हणून हे होतंय. त्याला इकडे घे."

"कुठे इकडे?"

त्यांनी फळीवर हात थोपटला. "वर."

मला आधी हसू आलं आणि मग वाटलं, का नाही? कॉम्प्युटर त्यांच्याबरोबरच हलला तर त्याच्या दृष्टीने कोणीच हलत नाही. पडदा कायम काकींच्या समोर, माइकची वायर वीतभर. मी क्लासमध्ये जे शिकवायचे त्यातलं काहीही याच्या जवळपास जाणारं नव्हतं, पण माझ्या अंगात संचारलं होतं. तलासरीहून ओळखीचा सुतार बोलावला. त्याने झोपाळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"कॉम्प्युटर बसवायचा? हेच्यावर?"

"हो."

"आणि झोका घ्यायचा?"

"हो."

"मग पट्ट्याने बांधू. सवय नाय त्याला."

काकींच्या बाजूला फळीला लाकडी हात काढून त्यावर पडदा बसवला. डबा खाली दोरीने आवळला. वायर कडीवरून वर आढ्याला नेली, तिथून भिंतीला. सगळं जमलं, आणि झोपाळा काकींच्या बाजूला कलला. त्यावर बसलं की काका घसरत घसरत पडद्याला जाऊन टेकायचे. तोल साधायला काकांच्या बाजूला काय ठेवायचं यावर आळीत चर्चा झाली. पाटा ठेवला, तो काकांना रुतायला लागला. शेवटी चिकूचा भरलेला क्रेट ठेवला आणि काटा बरोबर मध्ये आला. फक्त येणारा-जाणारा त्यातला एकेक चिकू उचलायचा, त्यामुळे संध्याकाळ चढत जाईल तसे काका पुन्हा हळूहळू काकींकडे सरकायचे. त्यावर मात्र दोघांचीही तक्रार नव्हती.

पहिल्या दिवशी अर्धी आळी जमली. रिक्षावाला, सुतार, वाडीतल्या बायका, सगळे ओटीवर नि अंगणात. मी पायरीवर क्लासमधला बिनवायरचा माउस घेऊन बसले, म्हणजे यंत्र बंद पडलंच तर लगेच चालू करता येईल. चिन्ह लाल झालं. काकांनी रेटा दिला. कॉम्प्युटर, काका, काकी आणि चिकू, सगळे एकदम मागे गेले आणि एकदम पुढे आले.

"उपस्थित मंडळी," काका म्हणाले, "आजच्या या प्रसंगी मला सांगायला आनंद होतो."

अक्षरं उमटली. एकही गळलं नाही. मी श्वास सोडला. काकींनी वाचलं आणि त्यांच्याकडे वळल्या.

"हे कोणाला सांगताय?"

काकांनी ओटीवरच्या मंडळींकडे हात केला.

"घरात असं कोणी बोलतं? नीट बोला की."

काका गडबडले. पुन्हा "सर्वांचे आभार" वर आले. काकींनी वाचलं, आणि मग ओटीवरच्या लोकांकडे बघून म्हणाल्या, "चिकू घ्या एकेक आणि घरी जा. यांना लाज वाटतेय."

लोक हसत हसत गेले. मी उठायला लागले तर काकींनी मला हाताने खाली बसवलं. "तू बस. तो बंद पडला तर?"

अंगण रिकामं झालं. मग काका आपल्या नेहमीच्या आवाजात सुरू झाले. स्टेशनजवळचा शिंपी, त्याने एकाच मापाने दोन भावांच्या विजारी शिवल्या, एक भाऊ हत्ती आणि एक काडी, तर मुद्दा काय, तर मासळी बाजारात परवा बोंबलावरून जे झालं ते वेगळंच. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, पडद्यावर अक्षरांची नुसती रांग. त्या यंत्राला मराठीत विरामचिन्हं घालता येत नव्हती. मला आधी तो मोठा दोष वाटला होता. काकांच्या बाबतीत त्याने जसं होतं तसंच उतरवून घेतलं.

आधी मी हसायचे. मग अक्षरं उमटायची. मग काकी हसायच्या. त्यांचं हसू माझ्या हसण्यामागून यायचं, पण यायचं. विजारीला हसल्या, बोंबलाला तर पदर तोंडात धरून हसल्या. मध्येच "कोण, ती उंच?" असं विचारलं, आणि काका म्हणाले, "उंच नव्हे गो, तिची जाऊ," आणि काकी वाचून म्हणाल्या, "हं, ती." मग मासळी बाजारातून गोष्ट कोणाच्या तरी पडवीत गेली, काकी म्हणाल्या, "हं." तिथून चिकूच्या भावावर आली, काकी म्हणाल्या, "हं."

काकांचा आवाज बारीक बारीक होत गेला आणि थांबला. त्यांनी मान वळवली, पायरीकडे, माझ्याकडे, आणि वाकून अगदी हळू बोलायला लागले.

"बाय, ऐकलंस? हं म्हणतेय. कान गेले तरी ही इतके दिवस हं म्हणायचीच. मला वाईट वाटू नये म्हणून. पण भलत्याच जागी म्हणायची गो. मी सांगायचो, अमका वारला, आणि ही हसून म्हणायची हं. मी कधी दाखवलं नाही तिला. मला वाटायचं, हिला कळलं की मला कळलंय, तर तेही म्हणायची बंद होईल."

कॉलरला माइक आहे हे ते विसरले होते. काकांच्या पाठीमागे पडद्यावर एकेक शब्द चढताना मला दिसत होता. माउस माझ्या हातात होता, चिन्हावर एक टिचकी मारली असती तर थांबलं असतं. बोट हललं नाही. काकी बोट धरून एकेक अक्षर वाचत होत्या. शेवटच्या अक्षराशी आल्या, पदराने चष्मा पुसला, काकांच्या पाठीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "हं."